झाकण बसेपर्यंत

बाई, मी पास झाले. बी.एड. होऊन इतकी वर्षं वर्ग घेतल्यावर, चाळिशी कधीच ओलांडल्यावर, आता मी रीतसर नोंदणी झालेली विशेष शिक्षिकासुद्धा आहे. निकाल फोनवर पाहिला तेव्हा मी शाळेच्या जिन्यात होते आणि तिथेच ओरडले. शिपाईमामा धावत आले, त्यांना वाटलं मी पडले. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून म्हणाल्या असतात, "शिक्षकांनी जिन्यात ओरडायचं नसतं." तुम्ही गेल्यापासून मला कुणी असं बोललेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला मुळीच आवडलेलं नाही.

तुम्ही मुख्याध्यापिका आणि मी तुमच्या हाताखाली नवी कोरी, तेव्हाचा एक दिवस मला लख्ख आठवतो. पाचवीच्या वर्गात मी एका मुलीला प्रश्न विचारलाय. ती अडखळत बोलणारी. पहिलं अक्षर ओठांवर येऊन बसलंय, पुढचं काही येत नाही. मी थांबलेय, वर्ग चुळबुळतोय. तेवढ्यात तुम्ही दारातून आत येता, तिचं उत्तर स्वतःच सांगून टाकता आणि तिला खाली बसवता. नंतर ऑफिसात बोलावून मला म्हणालात, "अगं, तू एकीसाठी थांबलीस तर बाकीच्यांनी काय करायचं? वर्गात अशी शांतता पडली म्हणजे शिकवणं बंद पडलं." तुमच्यासारखं गणित शिकवणारं अख्ख्या पनवेलात कुणी नव्हतं, फळ्यावरचा तुमचा आकडा बघून पोरं सरळ बसायची, हे सगळं मला मान्य आहे. पण त्या दिवशी तुमचं चुकलं, बाई. तेव्हा हे म्हणायची माझी छाती नव्हती. आज म्हणते, आणि मोठ्याने म्हणते.

आता मी खांदा कॉलनीतल्या शाळेत आहे. आमच्याकडे एक मुलगी आली, नऊ वर्षांची. वडील तळोज्याच्या कंपनीत शिफ्टला, आई उरणकडच्या गावातली. मुलीची समज वयाच्या मागे आहे. आईने ऑफिसात पदर सावरत सांगितलं, "बाई, पोरीला सगलं येतं. जरा टाइम लागतो, दुसरं काय नाय. आमी घरी तिला घाई नाय करत." मुख्याध्यापक भले माणूस. ते म्हणाले, "अशा मुलांसाठी वेगळी खोली द्यायला मी तयार आहे, पण विशेष शिक्षक आणू कुठून?" मी म्हटलं, मीच होते विशेष शिक्षिका. म्हणून टाकलं खरं, आणि मग माझे शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, मे महिना, सगळं त्या अभ्यासक्रमाने गिळलं. तोपर्यंत मुलगी माझ्याच वर्गात बसायची, मागच्या बाकावर, आणि मला जमेल तेवढं मी शिकवायची. शेवटचा प्रात्यक्षिक पाठ तिच्यासोबत घ्यायचं ठरलं. त्यात नापास झाले असते तर खोली उघडली नसती आणि पुढच्या वर्षी ती घरी बसली असती. तिच्या वडिलांनी तसं बोलूनही दाखवलं होतं.

पाठ होता लहान-मोठं ओळखण्याचा. मी घरून स्टीलचे तीन डबे नेले होते, एक मोठा, एक मधला, एक लहान. ज्याचं झाकण त्याला लावायचं. मोठ्याचं तिने पटकन लावलं. मग मधलं झाकण हातात घेऊन ती नुसती बसली. परीक्षक बाई कोपऱ्यात खुर्चीवर, हातात पेन. खोलीत अशी शांतता की पलीकडच्या इमारतीतल्या कुकरची शिट्टी आत ऐकू यावी. माझा उजवा हात आपोआप पुढे जायला लागला, म्हणून मी तो चक्क मांडीखाली दाबून बसले. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. मुलीने झाकण लहान डब्यावर ठेवलं, ते घसरलं. पुन्हा उचललं, मधल्या डब्यावर टेकवलं, सगळीकडून बोट फिरवलं आणि दाबलं. खट्! मग तिसरं तर तिने बघता बघता लावलं. वर तीनही झाकणं काढून तिने डबे परीक्षक बाईंपुढे सरकवले आणि हुकूम सोडला, "आता तू." त्यांनी निमूटपणे तीनही झाकणं लावली. बाई, मला तिथेच नाचावंसं वाटलं!

खोली सुरू झालीय. भिंतीला पिवळा रंग दिलाय आणि तिची आई रोज दारातून डोकावून जाते. तिला आत या म्हटलं तर म्हणते, "नाय, तुमचं चालू हाय ते चालू द्या."

पाठ संपल्यावर परीक्षक बाईंनी विचारलं होतं, "इतकं थांबायला कुठे शिकलात?" मी म्हटलं, "आमच्या बाईंकडे." तुम्हाला हसू आलं असेल, पण ते खोटं नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर तुम्हाला शब्द सापडत नव्हते, तेव्हा मी भेटायला आले होते. तुमच्या स्वयंपाकघरात चहा उकळतोय, तुम्ही खुर्चीवर, काहीतरी मागताय. सूनबाई बिचाऱ्या एकेक सुचवताहेत, "साखर? दूध? पाणी?" तुम्ही टेबलावर हात आपटता. त्या डोळे पुसत बाहेर जातात. मी गॅसपाशी गप्प उभी. चहा आटून निम्मा झाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "वेलची." एवढा एकच शब्द, पण अख्खा. तुमचा चेहरा असा उजळला की माझेच डोळे भरून आले. त्या चेहऱ्यासाठी थांबायचं असतं, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, तुम्ही शिकवलंत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. परीक्षक बाईंना हे मी सांगितलं नाही. तुमची नजर वेलचीच्या बरणीवर होती आणि तो शब्द मला केव्हाच कळला होता. तरी मी बोलले नाही, ते काही माझ्या अंगात धीर होता म्हणून नव्हे. मध्ये बोलले तर तुम्ही माझ्यावर ओरडाल, या भीतीने माझं तोंडच उघडलं नाही.