कानातला भुंगा

माय, आज आमच्या प्रयोगशाळेत एका म्हाताऱ्या बाईनं कानातली ऐकायची मशीन न काढता मोबाइल कानाला लावला. तिच्या मुलीनं बाहेरून फोन केला होता. बाईनं थोडं ऐकलं आणि म्हणाली, "हळू सांग ना, एवढी घाई कावून करून राहिली?" सगळे हसले. मला तुझी फार आठवण आली.

अमरावतीच्या या कॉलेजात आम्ही पातळ पारदर्शक फिल्मवर चांदीच्या शाईनं पिंपळपानाच्या शिरांसारखी जाळी छापतो. ती मशीनच्या आतल्या भागाभोवती गुंडाळली की मोबाइलच्या लहरी आत शिरत नाहीत. पानाचीच जाळी कशाला, तर वाकवताना एखादी शीर तुटली तरी वीज शेजारच्या शिरेतून वाट काढते. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "पानाले काय समजते त्याच्यातलं?"

अकोल्याच्या जिनिंगमध्ये सरकी काढणाऱ्या यंत्रांपाशी उभं राहून तुझे कान गेले. मला नोकरी लागल्यावर मी तुला मशीन आणली. पहिल्याच दिवशी तू फोडणी टाकलीस, तिचा चर्र आवाज ऐकून दचकलीस आणि गॅसच बंद केलास. मग किती वेळ एकटीच हसत होतीस.

त्याच वर्षी मला दिवस गेले होते. तीन महिने पुरे झाले की समक्ष येऊन तुला सांगणार होते. त्याआधीच बाळ गेलं. दवाखान्यातून मी तुला फोन केला, रडू आवरत सगळं सांगितलं. तू म्हणालीस, "बरं झालं माय. जेवली का?" मी फोन ठेवून दिला. नंतर चार महिने अकोल्याला फिरकले नाही. फोन केले तेही नावापुरते.

शेवटी आले, तर तू ओट्यावर बसून मामाशी फोनवर बोलते आहेस. मशीन काढून मांडीवर ठेवलेली. मध्ये मध्ये 'हो', 'बरं झालं', 'जेवला का' म्हणते आहेस. फोन ठेवल्यावर मी विचारलं, मशीन का काढलीस? तू लाजलीस.

"फोन जवळ नेला का कानात भुंगा भुणभुणते. मंग काढून ठेवतो मी."

माझा फोन आला तरी काढतेस का, असं मी विचारलं.

"तुया आला तरी. शब्द नाही समजत, पण तू बोलून राहिली एवढं समजते मले. तुले वाईट वाटन म्हणून सांगतलं नाही."

मग तू मशीन कानात घातलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. तेव्हा सगळं पुन्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, काम फार होतं, म्हणून येणं झालं नाही. तू मान हलवलीस आणि मेथी निवडायला घेतलीस. पुढच्या हिवाळ्यात तू गेलीस.

आता शेजारच्या खोलीत नवरा आहे. मी प्रयोगाचा अहवाल लिहिते आहे, असं त्याला वाटतं. तुला दुःख नको म्हणून मी बाळाबद्दल गप्प राहिले, असं इतकी वर्षं मी त्याला सांगत आले. ते खरं नाही. तू न ऐकलेल्या बोलण्यापायी चार महिने तुझ्यावर राग धरला, हे तुला कळायची मला लाज वाटली.