फ्लोरिडातलं अंडं, जानेफळची पऱ्हाटी

२ डिसेंबर २०१८, रविवार
कापसाची दुसरी वेचणी संपली. सिंधू, माझी बायको, गेली त्याला आज चार महिने झाले. लेकीचा, प्रतीक्षाचा, नागपूरहून फोन आला. बाबांचं मन रमावं म्हणून तिने मोबाईलवर एक लिंक पाठवली. अमेरिकेत फ्लोरिडाला गरुडाचं घरटं आहे, त्याच्यावर कॅमेरा लावलाय, चोवीस तास दिसतं. माझं मन रमलेलंच आहे, असं तिला सांगितलं. पाच मिनिटं पाहिलं. ठीक आहे.

३ डिसेंबर, संध्याकाळी ६
तिकडे आत्ता सकाळ. एकच अंडं, २८ नोव्हेंबरचं. या गरुडाला इंग्रजीत बॉल्ड, म्हणजे टकला म्हणतात, पण डोक्यावर पांढरी पिसं भरपूर. ही चूक अजून कुणाच्या लक्षात आली नाही. उद्यापासून रोज फक्त पंधरा मिनिटं पाहायचं.
६.४०. आजचा दीड जीबी डेटा संपला. कंपनी फसवते.

९ डिसेंबर
शेजारच्या वावराचा भगवानराव आला. म्हणाला, "शंकरभाऊ, औंदा पऱ्हाटी लवकर उपटजा. गुलाबी अळी तुमच्या वावरात राह्यली त पुढच्या साली माह्यावर येते." गेल्या वर्षी त्याचा अर्धा कापूस अळीने नेला. त्याचं बरोबर आहे. पंधरा तारखेला कापसाची सगळी झाडं उपटतो म्हणालो. शब्द म्हणजे शब्द.

१५ डिसेंबर
नराने मोठा मासा आणला. मादी अंड्यावरून उठेना. असा प्रसंग सोडून जाता येत नाही. पऱ्हाटी सोमवारी.

२२ डिसेंबर
सोमवारी पाठ दुखत होती.
बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या, अळी लागणाऱ्या बियांची पुडी येते. जानेफळात सगळे ती फेकतात. सिंधूने जूनमध्ये धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने टोबून लावली. "कंपनीनं देल्लं त फेकाचं काऊन?" म्हणे. अळी तिथेच जास्त आहे. पऱ्हाटी उभी असण्याशी याचा संबंध नाही. नोंद म्हणून लिहिलं.

२ जानेवारी २०१९
पस्तीस दिवस पूर्ण. आज अंडं फुटणार. फुटलं की दुसऱ्या दिवशी पऱ्हाटी उपटणार. पक्कं. भगवानरावला कळवलं. म्हणाला, "गरुडीनच्या बाळंतपणाचं आन् पऱ्हाटीचं काय नातं हो, भाऊ?"

६ जानेवारी
प्रतीक्षाने कुठेतरी वाचलं. म्हणते, "बाबा, आता नाही फुटत ते." शिकलेली माणसं घाई करतात. मादी बसली आहे ना? तिला जास्त कळतं.

११ जानेवारी
भगवानरावने माझ्याच वावरातलं एक बोंड फोडलं आणि आतली गुलाबी अळी माझ्या तळहातावर ठेवली. "घ्या भाऊ, फुटलं तुमचं अंडं." मी हसलो. तो हसला नाही.

१६ जानेवारी, संध्याकाळी
मादी उठली. चोचीने गवत ओढून अंड्यावर टाकलं. थोडा वेळ बाजूला उभी राहिली. मग उडाली. डेटा संपेपर्यंत घरटं पाहिलं. कुणी आलं नाही.

१७ जानेवारी
सकाळी पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा घेऊन वावरात गेलो. मजूर सांगितले नाहीत. आधी सिंधूने टोबलेल्या धुऱ्याकडच्या ओळी उपटल्या. दिवसभरात दोनच झाल्या. हाताला फोड आले. बाकी वावर तसंच आहे.
घरी येऊन आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत चार पऱ्हाट्या घातल्या. ओल्या निघाल्या, नुसता धूर. गार पाण्यानेच आंघोळ केली.