डाव्या हाताची पेटी

९ मार्च
मुडबी. वडिलांना, अप्पांना, दवाखान्यातून घरी आणलं. लकवा. उजवा हात, उजवा पाय गेलेला. त्यांची वाजवायची पेटी कोपऱ्यात, कापडाखाली. कोणी तिच्याकडं बघत नाही. मीही नाही. काही वाटतही नाही.

१७ मार्च
दुकानात (मोबाइल दुरुस्ती, बसवकल्याण) गिऱ्हाईक नव्हतं. एका नामांकित जर्मन पियानोवादकाचा व्हिडिओ लागला. नाव अवघड, पुन्हा पुन्हा खोडून लिहिलं, तरी खात्री नाही. इथं 'ज.' लिहीन. खाली मराठी अक्षरं येत होती, मोडकीतोडकी. त्याला आईनं शिकवलं. युद्धात घर जळलं, पियानोही. पुढं देशोदेशी कार्यक्रम. मग ऐन भरात उजव्या हाताची बोटं वळेनात. काही वर्षं घरात बसून. नंतर म्हातारपणापर्यंत एकट्या डाव्या हातानं वाजवलं.
परत पाहिला.

२२ मार्च
सिद्धूअण्णा आले. अप्पांच्या गायन पार्टीत गातात. चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारासमोर दरवर्षी अप्पांचीच पेटी. बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "कीबोर्डवाल्याला सांगून ठेवलोय."
मी ज.बद्दल सांगितलं. हसले. "मग तुझा जर्मन यायलाय का मुडबीला? कोणत्या बसनं?"
आतून अप्पांचा खोकला. ऐकलं असणार.

२३ मार्च
अप्पांना व्हिडिओ दाखवला. शेवटपर्यंत पाहिला. जीभ अडते, तरी म्हणाले, "त्याच्या पेटीला भाता न्हाई. म्हणून एका हातानं जमतंय." मग भिंतीकडं तोंड.
खरं आहे. मला सुचलंच नव्हतं.

२८ मार्च
पेटी काढली. म्हणालो, मी समोर बसून भाता मारतो, तुम्ही डाव्यानं वाजवा. नको म्हणाले नाहीत. मी घड्याळासारखा एकसारखा मारत गेलो. सूर किंचाळला.
"लोहार हाईस का? कामून एवढं दाबायलास?"
माय चुलीपाशी हसली. दवाखान्यानंतर पहिल्यांदा.
बोटं चुकत होती. थांबले. "डाव्याला गाणं कुठलं ठाऊक. जन्मभर हवाच भरलीय त्यानं."

८ एप्रिल
रोज बसतो. आता भात्याकडं बघत नाही, अप्पांच्या छातीकडं बघतो. ते श्वास घेतात, मी भाता उघडतो. नखं पट्ट्यांवर घासत होती, तरी आज एक ओळ पूर्ण आली. पुढची नाही. आनंद व्हायला हवा होता. खांदा दुखत होता, एवढंच.

१३ एप्रिल
उद्या जयंती. सिद्धूअण्णा दारातूनच, "अप्पा, कीबोर्डवाल्याला काय सांगू? ये म्हणू का नको?"
अप्पा पेटीकडं बघत राहिले. अण्णा उभे राहिले, मग आल्या पावली गेले. मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर.
संध्याकाळी पेटीवर कापड टाकायला गेलो. अप्पांनी डावा हात पुढं केला.
"नखं काढ."
काढली. मग उजवा हात घ्यायला वाकलो.
"तो ऱ्हाऊ दे."