समईच्या रंगाचा टॉर्च

१७ ऑगस्ट

माधवण्णाचा चेन्नईहून फोन. चुलतभाऊ असला तरी वयाने मोठा, ऐकून घ्यावं लागतं. "गेल्या नवरात्रांत देवीचे डोळे पाहिलेंस कीं? एक आढ्याकडे, एक उंबऱ्याकडे. अप्पांना दिसत नाहीं गे. ह्या खेपेस मी येतों. नीट नाहीं झालं तर देव इकडे घेऊन जातों, सेरी?" आमच्या मराठीत मुरलेल्या त्या तमिळ 'सेरी'ला, म्हणजे 'ठीक ना'ला, काय उत्तर द्यायचं ते फोन ठेवल्यावर सुचलं. नेहमीचंच.

स्पीकर चालू होता. अप्पांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "समईचा उजेड कमी पडतो, येवढंच." गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडून आले तेव्हाही हेच. रिक्षाने एकटेच गेले होते, माझं कॉलेज होतं. "काय म्हणाले?" "उजेड बरा ठेवा म्हणाले."

मग ठेवू की. पण आमच्या देवघरात समई लागली की वीज बंद. पणजोबांचा नियम. घटाच्या नारळाला हळदीचा लेप द्यायचा, काजळाने डोळे आणि कुंकवाने ओठ काढायचे, ते समईच्या उजेडातच, आणि घरच्या पुरुषानेच. मी अप्पांची मुलगी खरी, पण लग्न होऊन दुसऱ्या गोत्राची झाले, मी लेप वाटायचा. ह्यांना कुवेतला फोन केला तर म्हणाले, माधवण्णा नेतोय तर नेऊ दे. ह्यांना काय जातंय बोलायला.

देव गेले तर अप्पा सकाळी उठून काय करणार?

२० ऑगस्ट

अप्पांचा निवाडा: "भिंतींतून येते ती वीज. हातांत धरितों तो दिवा. दिवा चालतो."

मोठ्या उत्साहाने बाजारातून टॉर्च आणला. लावला मात्र, "हा नको गे. शवागारांत असतो तसला उजेड." म्हणजे दिवा चालतो, पण दिसायला समईसारखा हवा. नाकापेक्षा मोती जड.

इंटरनेटवर टॉर्चवाल्यांचा एक अड्डा सापडला. जगभरचे लोक, छंद म्हणून टॉर्च जमवतात. एकेकाकडे कपाट भरून. एवढा अंधार कुठून आणतात कोण जाणे. नवशिक्यांसाठी वेगळा विभाग आहे. विचारलं, समईसारखा उजेड देणारा टॉर्च कोणता?

उत्तर नाही. उलट प्रश्न. किती ल्युमेन? लांब फेकायचाय की जवळ पसरायचाय? एमिटर कुठला? केल्विन किती?

अहो, हेच तर मी विचारतेय!

२३ ऑगस्ट

एमिटर = काचेच्या आतला तो पिवळा ठिपका. म्हणजे एलईडीच. मग एलईडी म्हणायला काय होतं?

केल्विन = उजेडाचा रंग. 'उबदार' उजेड हवा असं सगळे म्हणाले, म्हणून मी त्यातल्या त्यात मोठा आकडा बघून मागवला, साडेसहा हजार. आज कळलं, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. लहान आकडा उबदार. कॉमर्स शिकवते मी, मला आकडा मोठा म्हणजे जास्त एवढंच कळतं. पार्सल निघालंसुद्धा.

अड्ड्यावर एक जण आहे, नावाजागी घुबडाचं चित्र. तो कधीही सरळ वाक्य बोलत नाही. "तुम्ही हे विकत घेण्याआधी का विचारलं नाही?" अडला हरी.

२९ ऑगस्ट

पार्सल आलं. आत सेल नाही. सेल वेगळा घ्यायचा असतो, जाडा, लिथियमचा. त्याला चार्जर वेगळा. बाजारातल्या दुकानदाराने तो टॉर्च उलटा करून बघितला आणि घड्याळाचे सेल पुढे केले. दुष्काळात तेरावा महिना.

अप्पा म्हणाले, "इतकं अवघड असेल तर राहूं दे कीं गे." राहू दे म्हणे. यांच्यासाठीच चाललंय सगळं. चिडले. मग वांग्याच्या रसवांगीत मीठ जास्त पडलं, तर तेही बोलले नाहीत, मुकाट खाल्लं. त्याचा आणखी राग आला.

३ सप्टेंबर, एकादशी

सेल आला, घातला, चालला. उजेड निळाच, तो जाणार कुठे. अप्पा म्हणाले, देवघराला नको, रस्त्याला होईल. पिशवीत घालून गोविंदपुरमच्या देवळात भजनाला गेले. मीही होते.

अभंग चढत गेलेला, आणि अप्पांना चष्म्याचं घर शोधायला उजेड हवा झाला. बटण एकदा दाबायचं. त्यांनी तीनदा दाबलं. तीनदा दाबलं की तो टॉर्च पोलिसांच्या गाडीसारखा लुकलुकतो. विठ्ठल-रखुमाई लुकलुकले, मृदंगवाल्याचा हात थांबला, पुढची मामी डोळे झाकून "अय्यो, काय तें, बंद करा" म्हणाली. अप्पा बंद करायला पुन्हा दाबत होते आणि तो आणखी जोरात. भीक नको पण कुत्रं आवर. शेवटी मी वर बसले. टॉर्चवर.

घुबडाला विचारलं, हे लुकलुकणं कायमचं बंद करता येतं का? "कुठलं मॉडेल?"

७ सप्टेंबर

दुसरा टॉर्च. सत्तावीसशे केल्विन. ह्यावेळी आधी विचारलं. रंग समईसारखा, अगदी! नाचत देवघरात नेला.

कोयरी धरली समोर. ही माझी स्वतःची परीक्षा, अड्ड्यावरच्यांना सुचणार नाही. दोन वाट्यांची कोयरी, डावीकडे हळद, उजवीकडे कुंकू, आजीपासून तशीच. खऱ्या उजेडात हळद हळदीसारखी दिसली पाहिजे आणि कुंकू कुंकवासारखं. हळद ठीक. कुंकू गुळासारखं तपकिरी. घुबड म्हणतो (सरळ वाक्य! पहिलंच!) की स्वस्त एमिटरच्या उजेडात लाल रंग नसतोच, उजेड पिवळा दिसला म्हणजे त्यात सगळे रंग आले असं नाही. चांगला एमिटर सुटा मिळतो, तो बसवा. "डाख (सोल्डरिंग) द्यायचं साधन आहे का?"

"उजेड पुरतो का, अप्पा?" विचारलं. कोयरीकडे बघून म्हणाले, "हळद बरी आहे. कुंकूं थोडं मंद." बघा, त्यांनाही कळलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा नजर शाबूत आहे. माधवण्णा काहीही बोलतो.

१२ सप्टेंबर

दोशाच्या तव्यावर टॉर्च दुरुस्त केला. खरंच. एमिटर ज्या चकतीवर चिकटलेला असतो ती तव्यावर ठेवायची, डाख वितळला की चिमट्याने जुना उचलायचा, नवा ठेवायचा. त्याला दिशा असते. उलटा बसला. लागला नाही. पुन्हा तवा. बोटाला चटका. अप्पा दारातून, "त्या तव्यावर उद्यां दोसे नको गे." उद्या नवा तवा आणायचा. ह्या छंदात काय काय जातं ते पाकिटावर लिहीत नाहीत.

दुसऱ्यांदा लागला. बटणाची नवी चकतीही बसवली, आता एकदा दाबलं की मंद, दोनदा की मोठा. तीनदाचं लुकलुकणं ह्याच्यातही आहे, ते मात्र काही केल्या जात नाही.

१३ सप्टेंबर

कुंकू लाल! लालबुंद. समईपेक्षा समईसारखा. मी एकटीच हसत होते देवघरात बसून.

"उजेड पुरतो का, अप्पा?"

"हें खरं. हळद खुलली. कुंकूं तर काय." हात उचलून आशीर्वाद दिल्यासारखं केलं. घुबडाला फोटो पाठवला. अड्ड्यावर चार जणांनी अंगठे दाखवले. माधवण्णाला फोन करून म्हटलं, ये, बघ डोळे यंदाचे. तो म्हणाला, "मोठा उजेड पाडलास असं दिसतं." टोमणा होता, लागला नाही.

१७ सप्टेंबर

कसं लिहू.

काल कोयरी चिंचेने घासली, धुतली. भरून ठेवताना बाजू बदलली असणार, लक्षात आलं नाही. आज अप्पांना म्हटलं, थोडा सराव करू या, आणि टॉर्च लावून कोयरी धरली.

"हळद काय सुंदर दिसते," म्हणाले, आणि बोट दाखवलं. डावीकडे.

डावीकडे कुंकू होतं.

मी मोठा उजेड केला. "आणि कुंकू?" "हें कीं." हळदीवर बोट. तोंडावर तेच हसू, खुललेलं.

म्हणजे सातव्या तारखेलाही. तेराव्या तारखेलाही. कोयरी कशी असते ते त्यांना पाठ होतं. आणि 'मंद', 'खुलली', 'तर काय'... ते माझ्या आवाजावरून ओळखत होते.

कोयरी ठेवली आणि कॉलेजात निघून गेले. दोन तास काय शिकवलं ते आठवत नाही.

१८ सप्टेंबर

भांडले. मोठ्याने. डॉक्टर काय म्हणाले होते ते खरं सांगा म्हटलं.

"दिसण्याचा मधला भाग गेला म्हणाले. कडेचं दिसतं. ज्याकडे बघावं तेंच नाहीं." मग, "उजेड बरा ठेवा असंही म्हणाले. खोटं नाहीं सांगितलं."

"मग मला इतके दिवस का पळवलंत?"

"तूं येवढी हौसेनें आणत होतीस. आणि माधवाला कळलं तर देव जातील. तुला कळलं तर तुझ्या तोंडावर दिसेल, तो ओळखील. तुला लपवतां येत नाहीं गे."

हे खरं आहे, म्हणून जास्त राग आला. वाईट वाटतंय की राग येतोय तेही कळत नाही. दोन्ही. बोटाचा चटका अजून दुखतोय.

२० सप्टेंबर

काल दिवसभर घरात फक्त कामापुरतं बोलणं. दह्यातली डांगर पच्चडी केली, त्यांची आवडती, पण वाढून लगेच आत गेले.

रात्रीच्या जेवणाआधी अड्ड्यावर लिहिलं, आभार, टॉर्च उत्तम झाला, पण ज्यांच्यासाठी केला त्यांचे डोळेच कामातून गेलेत, विषय संपला. लगेच घुबडाचं उत्तर. अर्थात प्रश्नच.

"मग आता तो टॉर्च कोणाच्या कामाचा?"

इतका संताप आला की जेवताना तो प्रश्न अप्पांना वाचून दाखवला. बघा, म्हटलं, कसली माणसं, कोणाच्या घरात काय चाललंय आणि यांना टॉर्चचं पडलंय. अप्पा हात धुऊन बराच वेळ ओसरीवर बसले होते.

२१ सप्टेंबर, अमावास्या

सकाळी उठले तर देवघरात समई लागलेली, वीज बंद, आणि पाटावर तीन नारळ, सोललेले. अप्पांनी हाताने चाचपून सोलले. एकाला शेंडीच ठेवली नाही.

"लेप लाव," म्हणाले. लावला. "आतां दर्भाची काडी घे."

मी म्हटलं, मी दुसऱ्या गोत्राची.

"काडी घे गे."

घेतली. टॉर्च त्यांनी धरला. कुठे धरायचा ते त्यांना दिसत नाही, मी मनगट धरून नारळाकडे वळवलं. आणि मग अप्पा सुरू झाले. आधी नाक. नाक नसेल तर डोळे लटकवशील कुठें? काजळ कमी. श्वास धर. धरलास कीं? आतां सोड. पहिल्या नारळावरची देवी माझ्या कॉलेजच्या प्राचार्यांसारखी दिसत होती. "कशी झाली?" मी खरं सांगितलं. "पूस."

दुसऱ्यावर डावा डोळा वर गेला. म्हणजे आढ्याकडेच. माधवण्णाला माझ्यात आणि त्यांच्यात फरक दिसला नसता. चिडून म्हटलं, तुम्ही उजेड हलवता. ते म्हणाले, तू हात हलवतेस. वादात त्यांनी बटण तीनदा दाबलं आणि देवघर लुकलुकायला लागलं. एकदाच दाबा म्हटलं होतं ना, एकदाच! दोघेही ओरडत होतो. मग हसू आलं, आधी त्यांना.

दुपारभर हेच. जळका वास नाही, धूर नाही, नुसता तो तांबूस उजेड आणि अप्पांचा हात. तो खाली येत नाही.

उद्या घट बसायचे, माधवण्णा पहाटेच्या गाडीने येतोय. डोळे कोणी काढले विचारणारच, आणि मला लपवता येत नाही. अप्पांना म्हटलं, काय सांगायचं? "विचारूं दे तर आधीं."

तिसऱ्या नारळावर नाक जमलं. उजवा डोळा जमला. आमच्याकडे बघतेय असं वाटलं, खरंच. डाव्याला काडी टेकवायच्या आधी मी थांबले, तर अप्पांनी हात बदलला, टॉर्च थोडा जवळ आणला आणि विचारलं,

"उजेड पुरतो कीं गे?"