साठ घरांचं सांडपाणी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार
आजपासून साठ घरांचं सांडपाणी माझ्या ताब्यात! द्रोणागिरीची गोदामं मागे टाकून रिक्षा खाडीकडे वळली, तेव्हा वाटलं रस्ता चुकला. पण शुद्धीकरण केंद्र आटोपशीर आहे. कचरा अडवणारी जाळी, घाण खाणाऱ्या जिवाणूंची मोठी टाकी, शेजारी माझी प्रयोगशाळा. वास जवळजवळ नाहीच. मदतीला सीतारामकाका आहेत. गावातलेच, साठीचे, पूर्वी मिठागरावर होते. दुपारी त्यांच्या घरची जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी मिळाली. आईला फोन केला, तुझ्या मनस्वीची काळजी करू नको म्हटलं.

६ नोव्हेंबर
पहिले नमुने तपासले. टाकीतून बाहेर पडणारं पाणी इतकं स्वच्छ, की यंत्र बिघडलं असं वाटलं. तीनदा तपासलं. घाण शून्य. असं कुठेच होत नाही. जिवाणूसुद्धा थोडं मागे ठेवतात.
काका रोज सकाळी टाकीत गूळ आणि शेण टाकतात. जिवाणू वाढवायला पहिले काही दिवस टाकतात, ते ठीक. इथे केंद्र सुरू होऊन तीन वर्षं झाली. का, म्हणून विचारलं. म्हणाले, त्याला लागतं.
कोणाला, ते सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर
दुपारी एक कुत्रं टाकीत पडलं. मी बांबू घेऊन धावले, तर काकांनी दंड धरून मागे ओढलं. दंड अजून दुखतोय. कुत्रं ओरडलंही नाही. नंतर तळ ढवळला. गळ्यातल्या पट्ट्याचं बक्कल तेवढं मिळालं, घासल्यासारखं चकचकीत. एक हाडसुद्धा नाही.

११ नोव्हेंबर
माझ्याआधी इथे शिवराम नावाचा ऑपरेटर होता. काका सांगत होते, गेल्या महिन्यात तो गावी गेला. आज त्याच्या बायकोचा फोन आला. वेणूबाई नाव. तो घरी पोचलाच नाही म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. काकांना विचारलं तर ते खाली मान घालून जाळी साफ करत राहिले. शिवरामचा डबा आणि चपला त्यांच्याच कपाटात आहेत.
या माणसाबरोबर मी आता एकटी थांबणार नाही.

१२ नोव्हेंबर
ऑफिसला कळवलं. टाकी रिकामी करायला उद्या टँकर येईल. तळाशी काय आहे ते दिसेलच. काकांना येऊ नका म्हणून सांगितलं, गूळ बंद केला, फाटकाला आतून माझं कुलूप लावलं.
काका तासभर बाहेर उभे होते. "पोरी, मला काय पन समज. पन त्याला उपाशी ठेवू नको. शिवरामनं ठेवला व्हता."
मला ती धमकीच वाटली.

१३ नोव्हेंबर, सकाळ
टँकर यायचाय. गावाकडून येणारा पाइप बंद केला, पंप लावून उपसा सुरू केला. पातळी उतरत नाही.

सव्वादहा. पातळी वाढते आहे. पाइप बंद आहे, मी स्वतः बंद केला—

काठाच्या वर आलं. सांडत नाही. काठावर उभं आहे, हातभर. पाणी असं उभं—

प्रयोगशाळेत. दार लावलंय. फटीतून आत येतंय. वास नाही. रंग नाही. टेबलावर चढले. पायातली चप्पल खाली पडली, आणि—
चप्पल उरलीच नाही.

खिडकीतून दिसतंय, काका कुंपणाच्या भिंतीवर आहेत. खांद्यावर गुळाची गोणी. ओरडतायत, खाली उतरू नको गो. गोणी आत रिकामी केली. पाणी फटीतून मागे सरलं. त्यांच्याकडे चाललंय.

आणि मी त्यांना खुनी—

पाय घसरला त्यांचा. भिंतीला लोंबकळतायत, आतल्या बाजूला. एकाच हाताने धरलंय. फाटकाची किल्ली माझ्याकडे. बांबू दाराशी. भिंतीपर्यंत वीस पावलं असतील.

उतरते. काका, हात सोडू न—