सयाजीची डावी बाजू

कोल्हापूर, मार्गशीर्ष वद्य ४, शके १८३७

चि. गं. भा. बयाबाई हीस तुझ्या आण्णाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. तू धाडलेला गूळ पोचला. मी दातांना भिऊन खातो, तुझा लेक कशालाच भीत नाही, त्यामुळे डबा निम्मा झाला आहे.

परवाच्या सायकलच्या शर्यतीत सयाजी दुसरा आला. उचगावला वळसा घालून परत यायचं होतं. तो ज्याच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे त्या नबीलालनंच सायकल दिली होती. पहिला आलेला गडी अंगानं हलका होता. मी भाच्याला म्हटलं, गूळ कमी खाल्ला असतास तर फेटा तुझा होता.

आता खरं लिहितो. आषाढात दुकानात लोखंड घासताना ठिणगी उडून त्याच्या डोळ्यात गेली, तेव्हा डोळा जरा लाल झालाय एवढंच मी तुला कळवलं. बया, त्या डाव्या डोळ्यानं त्याला काहीच दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आता दिसणारही नाही. वरून डोळा धड आहे, म्हणून कुणाला कळत नाही. नबीलाललाही बरा झाला असंच वाटतं. घरात पाणी ओततो ते पेल्याच्या शेजारी पडतं, आणि शिव्या पेल्याला देतो. मला त्यानं शपथ घातली होती, म्हणून गप्प राहिलो.

शर्यतीत तो रस्त्याची डावी कड सोडत नाही, म्हणजे सगळी माणसं उजव्या हाताला राहतात. ही युक्ती मीच शिकवली, आणि शिकवताना मला माझंच कौतुक वाटलं. पण पौषात कागलची शर्यत आहे. जाऊन येऊन बारा कोस, वाटेत गाड्या, गुरं, माणसं. मला धीर होत नाही. तू सांगशील ते करीन.

आहे ती माया आटू देऊ नकोस.
तुझा आण्णा, आकाराम


गडहिंग्लज, मार्गशीर्ष वद्य १२

ति. आण्णास्नी बयाचा शि. सा. न. वि. वि. हे पत्र शेजारचं लालासाब शिंपी लिवून देत्यात. मी बोलते तसंच लिवा म्हटलंय, पर ते मधीच थांबून डोळं पुसत्यात.

सहा म्हयनं झालं माझ्या लेकाचा डोळा गेला आन् मला आज कळतंय. तुम्ही त्याची शपथ पाळलासा. मग मी कोण?

आता एवढं करा. शर्यतीच्या पंचांस्नी जाऊन सांगा, ह्याला एका डोळ्यानं दिसत न्हाय, ह्याला सोडू नका. तो रुसंल. रुसू दे की. ल्हानपणी हिरीत पवाय सोडलं न्हाय म्हणून माझ्यावर अजून रुसलाय, पर भाकरी माझ्याच हातची मागतोय न्हवं.

तुमचा जीव हाय माझ्यावर, म्हणून तोंड सोडलं. तो तसाच ठेवा.
तुमची बया


कोल्हापूर, पौष शुद्ध ६

चि. बयास आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र शर्यतीच्या आधीच पोचलं. टपालावर ढकलून मी सुटणार नाही. शर्यतीच्या सकाळी ते खिशात घालून मी पंचांच्या टेबलापाशी गेलोही. पंचांनी विचारलं, पावणं, काय काम काढलं. तेवढ्यात रेघेवर उभ्या असलेल्या सयाजीनं मला पाहिलं आणि हात वर केला. पोरगा इतका खुशीत होता की मी पंचांना शर्यत किती वाजता सुटणार तेवढं विचारलं आणि मागं फिरलो.

सयाजी पहिला आला. पंच त्याला फेटा बांधत होते, तोवर एका बैलगाडीतून उचगावची बाळाबाई आली. भाजी विकणारी म्हातारी आहे. सायकली कागलहून परतत असताना ती डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन डावीकडच्या बांधावरून रस्त्यावर चढत होती. सयाजीच्या हँडलचा तडाखा बसून ती चरीत पडली. मनगट मोडलं. मागच्या दोघांनी सायकली टाकून तिला उचललं. सयाजी थांबला नाही. त्याला वाटलं, बाभळीची फांदी लागली. मागचे ओरडत होते, ते आपण पुढं निघालो म्हणून, असं तो समजला.

हे फक्त मला ठाऊक. बाकी सगळे म्हणतात, म्हातारीला तुडवून फेटा मिळवला. पंचांनी फेटा उतरवून घेतला. नबीलालनं सायकल काढून घेतली आणि उद्यापासून दुकानाची पायरी चढू नकोस म्हणाला.

मी म्हटलं, आपण खरं काय ते सांगू या. तर म्हणतो, मामा, दगडाच्या काळजाचा म्हणतील तर चार महिन्यांनी विसरतील, पण आंधळा म्हटलं की जन्मभर कुणी चाकाला हात लावू देणार नाही. मला पुन्हा शपथ घातली. खाली मान घालून शिव्या खातो आणि घरी येतो.

माया मागायला तोंड नाही, तरी मागतो.
आकाराम


गडहिंग्लज, पौष शुद्ध १४

ति. आण्णास्नी बयाचं दंडवत. वि. वि. पत्र दोनदा वाचून घेतलं. डोळ्याचं कळलं तवा रडले. आता रडू येत न्हाय, राग येतोय.

माझा लेक म्हातारीला तुडवून गेला म्हणत्यात. ते खोटं हाय हे एकट्या तुम्हास्नी ठावं, आन् तुम्ही शपथ धरून बसलासा. आधी बाळाबाईच्या दारात जावा, मग नबीलालकडं, मग पंचांकडं. मोठ्यानं सांगा. शपथ मोडल्याचं पाप लागत असंल तर माझ्या नावावर घाला. त्याचं चाक सुटंल तर सुटू दे, पर माणसातनं उठू ने.

रागावले तरी तुमचीच हाय, इसरू नका.
बया


कोल्हापूर, पौष वद्य १२

चि. बयास आशीर्वाद. वि. वि. तिन्ही दारं केली.

बाळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पंधरा दिवस त्या पोराला दिलेल्या शिव्या वाया गेल्या की, तेवढ्यात माझ्या जावयाचं भागलं असतं. मी हसलो, तशी माझ्याकडं वळली. म्हणाली, तुम्ही हसू नका, ठावं असून पोराला सोडलासा, आता त्या तुमच्या. मी त्या घेतल्या. हाड बसवणारा म्हणतो, मनगट वाकडंच राहणार. कामावर जाण्याआधी मी रोज उचगावला जाऊन तिचं पाणी भरतो.

नबीलाल स्वतःलाच दोष देत बसला. ठिणगी त्याच्याच दुकानातली ना. दुसऱ्या दिवशी आपण होऊन घरी आला आणि सयाजीला म्हणाला, बेटा, चाक सरळ आहे का बघायला आम्ही एक डोळा मिटूनच बघतो, तू ये. पंचांनीही चार माणसांत सांगितलं की पोराचा गुन्हा नाही.

आता कुणी त्याला शिव्या देत नाही. लोक त्याच्याशी हळू बोलतात, तो दिसला की वाट सोडून उभे राहतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, मामा, शिव्या बऱ्या होत्या. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

आज सकाळी तो गाडीनं तुझ्याकडं निघाला. परवापर्यंत पोचेल. त्याच्या डाव्या बाजूनं जाशील तेव्हा आधी हाक मार, नाहीतर दचकतो. त्याच्यासमोर डोळ्याला पदर लावू नकोस. आणि नबीलालच्या दुकानाचा विषय त्यानं आपण होऊन काढला, तर जा म्हण.

त्याला निरोप द्यायला गाडीअड्ड्यावर गेलो होतो. गर्दीत मी नेमका त्याच्या डाव्या अंगाला सापडलो आणि माझ्याच्यानं हाक मारवली नाही. गाडी हलली. त्याला मी दिसलो नाही, की दिसूनही त्यानं बघितलं नाही, मला कळलं नाही. तू त्याला विचारू नकोस.

तुम्हा दोघांच्या मनात माझ्यासाठी उरली असेल तेवढी जागा राहू दे.
आकाराम