नमुन्याची लिंक

३ मार्च, सोमवार
हॉस्पिटलच्या वेब फिल्टरमध्ये, म्हणजे नेटवरून काय आत येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यातच, भोक निघालं. फिल्टर बनवणाऱ्या कंपनीची मेल: वेबसाइटचा पत्ता फार लांब असला की त्याला दिलेल्या जागेत मावत नाही, शेजारच्या मेमरीत सांडतो, आणि त्या वाटेने बाहेरचा माणूस आत शिरून स्वतःचे हुकूम चालवू शकतो. म्हणजे सगळ्या पेशंटचे रिपोर्ट त्याच्या हाती. कुंपणच शेत खाणार. शुक्रवारी माझी नोकरी कायम व्हायची आहे. त्याआधी अपडेट टाकून मोकळी होईन. घाबरलेली नाही.

४ मार्च
अपडेट डाउनलोड होत नाही. कंपनीचा सर्व्हर बंद असणार. साहेबांना सांगितलं, सगळं आटोक्यात आहे. त्यांनी विचारलं, काय आटोक्यात आहे? म्हटलं, सगळं.
हात गार पडलेत. एसी.

५ मार्च
कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, मॅडम, आमच्याकडे सगळं चालू आहे, तुमच्याकडेच काहीतरी अडवतंय. उर्मट.
प्रिंटर सुरू झाला तरी दचकते. झोप कमी, म्हणून. आत्या इथेच हेड नर्स. नोकरीसाठी तिनेच शब्द टाकला होता. म्हणाली, आयसीयूतले पेशंटसुद्धा तुझ्यापेक्षा बरे दिसतात गं.

६ मार्च, सकाळी
उपाय सापडला. सर्वांना मेल: फार लांब लिंकवर क्लिक करू नये. सूचना नेमकी हवी, म्हणून खाली नमुन्याची लिंक दिली. मीच बनवलेली, निरुपद्रवी. उघडली की फिल्टर बंद पडतो, एवढंच.

६ मार्च, थोड्या वेळाने
फिल्टर पडला. उठवला. पुन्हा पडला. सगळं नेट सताड उघडं. आत्याचा फोन: नको म्हणालीस, म्हणून बघितलं काय होतं ते. अकाउंट्सवाले म्हणाले, लिंक उघडत नाही, परत पाठवा. पहिलं क्लिक साहेबांचं.
आता कोणीही आत येईल. पाय लटपटतायत. जेवले नाही, म्हणून.

७ मार्च
कोणी आलं नाही. फिल्टर पडलेला असताना अडकलेलं अपडेट तेवढं आपसूक आलं आणि बसलं. आधी ते फिल्टरनेच अडवलं होतं. नियम: बाहेरचं सॉफ्टवेअर आत घेऊ नये. नियम करणारी: मी, जानेवारीत.
साहेब खूश. फिल्टर मुद्दाम पाडून अपडेट आत घेतलंस, डोकं आहे तुला, म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. नोकरी कायम.
पाच दिवसांत क्षणभरही घाबरले नाही, याची नोंद असावी.
आत्ताच एसीवाला येऊन गेला. म्हणाला, ताई, हा सोमवारपासून बंदच आहे.